आजोबांच्या वहीतली 'मेलिता' कोण? (बोटीवरच्या एका चालीचा शोध)

हर्णैकर

नमस्कार मंडळी. हा धागा संगीतात टाकावा, कोकणात टाकावा की सरळ घरगुती भानगडींत, ते कळेना. चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर (बॉयलर-इंजिनवरचा खलाशी) होते, 'जमना' बोटीवर. जुलै १९४३ मध्ये दोस्तांनी सिसिलीवर चढाई केली तेव्हा 'जमना' आणि 'सतलज' या आपल्या दोन बोटी तिकडे होत्या, हे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. १९४६ च्या नौदलाच्या बंडानंतर ते गावी आले आणि पुन्हा मोठ्या बोटीवर चढले नाहीत. मचव्यांची इंजिनं खोलायची आणि गुरुवारी दत्ताच्या देवळात पेटी वाजवायची, एवढ्यात उरलेलं आयुष्य गेलं. १९८८ साली वारले.

इंजिन खोलून बसले की ते एक चाल गुणगुणत. शब्द नाहीत, नुसतं हूंऽ हूंऽ. भजनाची नाही, नाटकाची नाही. संथ आणि जड, डोक्यावर हंडा घेऊन कोणी घाटी चढतंय अशी. मध्येच सूर असे काही सरकत वर जायचे की मला ते पेटीवर कधी सापडलेच नाहीत. मी दहा-बारा वर्षांचा असेन, विचारलं की उत्तर ठरलेलं: "बोटीवरची आहे. रविवारी साहेब लोक टोप्या काढून म्हणायचे."

गेल्या महिन्यात पडवीतली ट्रंक रिकामी केली. तळाशी त्यांची वही निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आत अभंग, कोणाच्या मशीनला कुठला वायसर लागतो त्याच्या नोंदी, उधारी. आणि एका पानावर जांभळ्या पेन्सिलीने, ती थुंकी लावली की शाईसारखी उमटायची ना, तिने लिहिलंय:

मेलिता
८ ८ ८ ८ ८ ८
दो मी मी सोल सोल ला ला सोल
सा ग ग प प ध ध प

खाली अजून पाच ओळी आहेत, पण पान ओल लागून डागाळलंय, नीट वाचता येत नाही. पहिली ओळ पेटीवर वाजवली आणि अंगावर काटा आला. तीच चाल.

आता खरी अडचण. आजी ९३ वर्षांची आहे, कान तिखट. मी मूर्खासारखं तिच्यासमोरच मोठ्याने वाचलं, "मेलिता". आजी म्हणाली, "मला वाटलंच होतं." त्या दिवसापासून आजोबांच्या फोटोला हार नाही. मी आणतो, ती म्हणते राहू दे तिकडेच.

तर जाणकारांनी सांगावं की ही चाल कसली, सहा वेळा आठ म्हणजे काय (मी केरवा समजलो होतो, पण वजन बसत नाही), आणि मुख्य म्हणजे ही बाई कोण.

गप्पिष्ट

सोपं आहे. टायटॅनिक बुडताना बँडने जे शेवटचं वाजवलं तेच हे. बोटीवरची इंग्रजी प्रार्थना म्हटलं की तीच. मेलिता म्हणजे त्यातली कोणी प्रवासी असणार. आजीला सांगू नका 😀

ऑर्गनवाली

गप्पिष्ट, तुमचं उत्तर चुकलंय, पण चुकीच्या रस्त्यानेही तुम्ही बरोबर गल्लीत आला आहात. तिकडे नंतर येते.

हर्णैकर, आधी आजींना सांगा, मेलिता बाई नाही. बेट आहे. माल्टा.

मी तीसएक वर्षं रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, त्यामुळे तुमच्या वहीतलं ते पान मला आमच्या पुस्तकाच्या पानासारखंच दिसलं. इंग्रजी स्तोत्रांच्या पुस्तकात शब्दांना एक नाव आणि चालीला वेगळं नाव असतं. चालीचं नाव वर मोठ्या अक्षरांत छापतात, बाजूला मोजमाप. तुम्ही नाट्यगीतांचं जुनं पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहून कुठल्यातरी चिजेचे पहिले शब्द दिलेले असतात. हे तसंच, फक्त यांच्याकडे चालीला गावांची, संतांची, देवळांची नावं देतात.

मोजमाप म्हणजे ८ ८ ८ ८ ८ ८. तो ताल नाही. सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. आपल्या अनुष्टुभाचे चरण आठ-आठ अक्षरांचे, तसं. गाण्याची पहिली ओळ अशी, बोटांवर मोजा: इ-टर्-नल फा-दर स्ट्राँग टू सेव्ह. आठ झाली ना? आता आजोबांचे सूर मोजा: दो मी मी सोल सोल ला ला सोल. तेही आठ. अक्षरामागे एक सूर, कुठे हरकत नाही, ताण नाही. चर्चमधल्या गाण्याला हे लागतंच, कारण म्हणणारे दोनशे जण असतात आणि त्यातल्या दीडशेंना गाता येत नाही.

तर हे 'इटर्नल फादर, स्ट्राँग टू सेव्ह'. शब्द १८६० चे, विल्यम व्हाइटिंगचे. हा गृहस्थ खलाशी नव्हता. इंग्लंडात विंचेस्टरला गायक मुलांच्या शाळेत मास्तर होता. त्याचा एक विद्यार्थी अमेरिकेला निघाला आणि प्रवासाला घाबरला होता, त्याच्यासाठी हे लिहिलं, असा किस्सा सांगतात. किस्से असे नेहमीच सांगतात, त्यावर मी घर बांधणार नाही. पण शब्द कुठून आले ते गाण्यातच दिसतं. पहिल्या कडव्यात बाप, म्हणजे लाटांना हद्द घालून देणारा. दुसऱ्यात पाण्यावरून चालणारा आणि वादळाला गप्प करणारा ख्रिस्त. तिसऱ्यात सृष्टीच्या आरंभी काळोख्या पाण्यावर वावरणारा आत्मा. चौथ्यात तिघांना एकत्र हाक. पहिल्या तीन कडव्यांच्या शेवटी एकच मागणं: समुद्रावर संकटात सापडलेल्यांसाठी आमचं ऐक. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १०७ वं स्तोत्र काढून वाचा. जहाजांतून समुद्रावर उद्योगाला जाणारे, आकाशापर्यंत चढणाऱ्या आणि खोल उतरणाऱ्या लाटा, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाणारे खलाशी, सगळं तिथे आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. हे गाणं बोटीवरच्या माणसाने म्हणायचं म्हणून लिहिलेलंच नाही. 'आम्हाला वाचव' असं त्यात कुठेच नाही. 'त्यांना वाचव' आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्यांचं गाणं, आणि ते म्हणू लागले बोटीवरचे.

चाल जॉन बॅकस डाइक्सची. जन्म १८२३, हल बंदरातला. डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये गायनप्रमुख होता, पुढे तिथेच सेंट ऑस्वाल्डचा धर्मगुरू. १८६१ साली 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे पुस्तक निघालं, त्यात शब्द आणि ही चाल पहिल्यांदा एकत्र छापली. त्याआधी संपादकांनी व्हाइटिंगच्या शब्दांवर बरीच कात्री चालवली. त्याच्या मूळ कागदावर सुरुवातच निराळी होती.

आता चालीचं नाव. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय २७ आणि २८ वाचा. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज वादळात सापडतं. चौदा रात्री भरकटतात. माल फेकतात, दोर-शिडं फेकतात. जहाजावर २७६ माणसं, आकडा तिथे दिलेला आहे. शेवटी जहाज वाळूत रुतून फुटतं, पण पोहत, फळ्यांना धरून सगळीच्या सगळी जिवंत किनाऱ्याला लागतात. ज्या बेटाला लागतात ते मेलिता, आजचं माल्टा. समुद्रावरच्यांसाठीच्या गाण्याला चाल केली, तिला डाइक्सने त्या बेटाचं नाव दिलं जिथे एकही माणूस बुडाला नाही.

गप्पिष्ट, आता तुमचं टायटॅनिक. शेवटी वाजवलं म्हणतात ते गाणं वेगळं, 'निअरर माय गॉड टू दी'. त्याच्या चाली दोन-तीन आहेत आणि इंग्लंडच्या चर्चमधली नेहमीची 'हॉरबरी' ही चाल याच डाइक्सची! आणि हे आपलं गाणंही त्या बोटीवर म्हटलं गेलं होतं, पण आधी. रविवार, १४ एप्रिल १९१२, संध्याकाळी दुसऱ्या वर्गाच्या जेवणघरात कार्टर नावाच्या धर्मगुरूंनी लोकांना जमवून स्तोत्रं म्हणवली. लॉरेन्स बीस्ली हा शिक्षक त्यातून वाचला, त्याने लिहून ठेवलंय की हे गाणं सगळ्यांनी दबक्या आवाजात म्हटलं. त्याच रात्री बारा वाजायला वीस मिनिटं असताना हिमनग.

मडगांवकार

ऑर्गनवाली ताईंनी सगळं सांगितलंच. माझी भर 'दो मी मी सोल' एवढ्यापुरती.

रत्नागिरीकडच्या स्टोकरला दो-रे-मी कोणी शिकवलं असेल? माझी पैज गोंयकारावर. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतमास्तर असायचा, तो पोरांना आधी सोल्फेज (दो-रे-मी म्हणत सूर वाचणं) घोकून घ्यायचा, मग व्हायोलिन हातात द्यायचा. माझे आजोबा तसेच शिकले, चुकलं की गजाचा फटका बोटांवर. ही शिकलेली पोरं पुढे मुंबईच्या बँडांत, सिनेमाच्या वाद्यवृंदांत, पलटणींत आणि बोटींवर गेली. बोटीवर स्टुअर्ड, खानसामा, बँडवाला बघाल तर आमचाच. कॅथलिक असल्यामुळे त्या प्रोटेस्टंट प्रार्थनेत तो उभा राहिला नसेल, पण साहेबाचं पुस्तक समोर आलं तर सूर वाचून दाखवणं त्याला कठीण नव्हतं. तुमच्या आजोबांनी त्याच्याकडून दो-मी घेतलं आणि खाली स्वतःसाठी सा-ग लिहिलं. वही बोटीवरचीच असणार, १९४३ ची.

दर्यावर्दी५८

मर्चंट नेव्हीत पस्तीस वर्षं इंजिनवर काढली. इंजिनखोलीत गुणगुणण्याचं म्हणाल तर खरं आहे. तिथे आवाज इतका असतो की तुम्ही काय गाताय ते तुमच्या शेजाऱ्यालाही कळत नाही, म्हणून सगळेच गातात. 😀

हे गाणं मी इंग्लंडातल्या एका बंदरात ऐकलं, खलाशांच्या प्रार्थनाघरात. फुकट चहा आणि घरी फोन करायला मिळायचा म्हणून जायचो. पंधरा-वीस माणसं, त्यात निम्मे फिलिपिनो, एक म्हातारी पियानोवर. बाहेर पाऊस. इंग्रजी कळत होतं, पण शब्दांपेक्षा चालच ध्यानात राहिली.

नौदलांत त्याचं मोठं प्रस्थ आहे. अमेरिकेच्या नौदल अकादमीत १८७९ पासून रविवारची प्रार्थना याच्या पहिल्या कडव्याने संपवायची पद्धत पडली, आणि पाणबुडीवाल्यांसाठी, वैमानिकांसाठी वगैरे नवी कडवी जोडत गेले. केनेडींच्या अंत्ययात्रेत वाजलं. पण मला आठवतो तो ऑगस्ट १९४१ चा प्रसंग. चर्चिल आणि रूझवेल्ट न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ भेटले, रविवार १० तारखेला 'प्रिन्स ऑफ वेल्स' युद्धनौकेवर दोन्हीकडच्या खलाशांनी एकत्र प्रार्थना केली, त्यात हे होतं. १० डिसेंबरला तीच नौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवली. बरोबर चार महिने. त्या दिवशी तिथे उभं राहून हे म्हणणाऱ्यांतले किती गेले असतील.

आपल्या नौदलाचं ब्रीद 'शं नो वरुणः', तैत्तिरीय उपनिषदातलं. त्यात 'नो' आहे, म्हणजे 'आम्हाला'. ताईंनी 'त्यांना'चा मुद्दा काढला म्हणून आठवलं.

हर्णैकर

ताई, काका, मडगांवकार, काय बोलू. बेट! आजीला अजून सांगितलेलं नाही, आधी पूर्ण चाल हातात येऊ दे.

ताई, एक शंका. पहिली ओळ सा ग प ध, म्हणजे थेट भूप. मी गेले आठ दिवस भूपात शोधतोय. रे घालून बघितला, उलटून बघितलं. पण मधल्या ओळींत आजोबा जिथे 'सरकायचे' तिथे गाडी अडते. माझं कुठे चुकतंय?

ऑर्गनवाली

भूपातच चुकतंय. 🙂 तुमची बोटं पाच सुरांचं कुंपण ओलांडायला तयार नाहीत, भजनी हात असला की असं होतं.

पहिली ओळ भूपासारखी दिसते, पण ही चाल रागाच्या वाटेने चालतच नाही. ती चार आवाजांसाठी बांधलेली आहे, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. तुमच्या वहीत त्यातला फक्त सगळ्यात वरचा आवाज उतरवलाय. खालचे तीन आवाज षड्जाची जागाच हलवतात, म्हणून वरच्या आवाजाला एकाच सप्तकातले कोमल, तीव्र, शुद्ध सगळे ओलांडावे लागतात. मधल्या ओळींत सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर चढतो. म्हणजे पेटीवर पांढरी, तिच्या शेजारची काळी, पुन्हा पांढरी, अशी. एकही पट्टी न सोडता. तुम्ही काळ्या पट्ट्या वगळून शोधत होतात, मग सापडणार कशी? 'समुद्राला हद्दीत ठेवतोस' असे शब्द त्या जागी आहेत, आणि चाल तिथेच हद्द सोडून वर येते. डाइक्सच्या हयातीनंतर बऱ्याच पंडितांनी नाकं मुरडली, फार गोड, फार भावूक, म्हणून. असेल. पण हेच चार-पाच सूर तुमच्या आजोबांना इंजिनखोलीतून वर आल्यावरही सोडेनात, यातच काय ते आलं.

पेटीवर वाजवताना एक करा. डावा हात भात्यावर अडकलेला असतो, त्यामुळे चार आवाज जमणार नाहीत. पायपेटी मिळाली तर उत्तम. नाहीतर दुसऱ्या कोणाला भाता मारायला बसवा आणि दोन्ही हातांनी वाजवा. डाव्या हाताने नुसता खालचा सूर दिलात तरी चालीचा अर्थ लागेल. आणि घाई करू नका, जिथे ओळ संपते तिथे श्वास घ्या.

जाता जाता. डाइक्सची आणखी एक चाल तुम्ही नक्की ऐकली असेल, 'लीड काइंडली लाइट', गांधीजींचं आवडतं. तिची 'लक्स बेनिग्ना' ही चाल याचीच. ते शब्दही समुद्रावरचेच, न्यूमन या इंग्रज धर्मगुरूने १८३३ साली भूमध्य समुद्रात वारा पडल्यामुळे अडकलेल्या गलबतावर लिहिले. आणि बीटिंग रिट्रीटला २९ जानेवारीला अनेक वर्षं जे वाजायचं, २०२२ मध्ये वगळलं, त्या 'अबाइड विथ मी'ची चाल विल्यम हेन्री मंकची. हा मंक म्हणजे त्या १८६१ च्या पुस्तकाचा संगीत संपादक, आणि ती चालही त्याच पुस्तकातली. एवढ्या एका पुस्तकातून किती काय आपल्या कानांवर येऊन पडलंय.

गप्पिष्ट

म्हणजे मी अर्धा बरोबर होतो.

ऑर्गनवाली

पाव.

हर्णैकर

काल रात्रीची हकीकत लिहितो आणि धागा आवरता घेतो.

भाच्याला भात्यावर बसवलं. फोनवर एका गायकवृंदाची ध्वनिफीत लावली, थांबवत थांबवत एकेक ओळ पकडली. काळी-पांढरी-काळी, ताईंनी सांगितलं तसंच. तिसऱ्या खेपेला ते सरकणं हाताखाली आलं आणि आतून आजीचा आवाज आला, "हे ह्यांचं मशीनचं गाणं ना रे?"

मग तिला बाहेर आणून बसवलं आणि सगळं सांगितलं. माल्टा, वादळ, २७६ माणसं, मास्तर, डरहॅमचा पाद्री. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "सगळी वाचली?" म्हटलं, सगळी. "बरं झालं." मग म्हणाली, "बेट तर बेट. मग इतकी वर्षं नाव सांगायला काय झालेलं?"

मी वही पुढे केली, मडगांवकारांचा तर्क सांगितला, की बघ, १९४३ साली बोटीवर बसून गोंयकार मित्राकडून लिहून घेतलंय, तेव्हा तू कुठे होतीस. आजीने पान डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवलं आणि हसली. एक शब्द न बोलता उठली, देवघराच्या खालच्या खणातून तिची दुधाच्या रतिबाची जुनी वही काढली. तीच जांभळी पेन्सिल, पानंच्या पानं.

"ही पेन्सिल माझी," म्हणाली. "लग्नानंतर दोन म्हशी घेतल्या तेव्हा आणलेली. सारखी हरवायची, ह्यांनी घेतलेली असायची."

लग्न १९५१ चं. म्हणजे ते पान बोटीवरचं नाहीच, मडगांवकार. बोट सोडून पाच वर्षं झाल्यावर कधीतरी, याच घरात, आठवून लिहिलंय. दो-मी सकट, सहा आठांसकट.

हार तिने आज सकाळी स्वतः घातला. मी उरलेल्या पाच ओळींचं पान उन्हात धरून बसलोय, दुसरी ओळ थोडी थोडी लागतेय.